डब्यातली हळद आणि बाटलीतली हळद

एडिसन असो, वेम्बली असो वा दुबईतील करामा, भारतीय वस्तीतल्या मोठ्या किराणा दुकानात आज हळद दोन ठिकाणी मिळते. एक नेहमीची, मसाल्यांच्या ओळीत, पाकिटात. दुसरी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, जीवनसत्त्वांच्या बाटल्यांशेजारी, कॅप्सूलच्या रूपात. या दुसऱ्या हळदीच्या सोबतीला गार्सिनिया असते, ग्रीन टीचा अर्क असतो, गुग्गुळ असतो, न भाजलेल्या कॉफीबियांचा अर्कही असतो. लेबलांवरची भाषा थोड्याफार फरकाने एकच असते: अँटिऑक्सिडंट, चयापचयाला चालना, वजनावर नियंत्रण आणि या सर्वांवर ‘नैसर्गिक’ हा शिक्का.

या भाषेच्या मागे एक युक्तिवाद उभा आहे. स्थूल शरीरात ऑक्सिडेटिव्ह ताण वाढलेला असतो. अनेक औषधी वनस्पतींमध्ये अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात. म्हणून त्यांचा अर्क घेतल्यास स्थूलतेचे दुष्परिणाम कमी होतील आणि कदाचित वजनही उतरेल. यातील पहिली दोन विधाने बरोबर आहेत. तिसरे विधान त्यांतून आपोआप निघत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ते जेव्हा जेव्हा माणसांवर तपासले गेले तेव्हा बहुतेक वेळा ते टिकले नाही आणि काही वेळा त्याची किंमत यकृताने मोजली. ही साखळी नेमकी कुठे तुटते, हे समजून घेण्यासाठी आधी मेदपेशीत डोकवावे लागते.

भरलेले कोठार

पेशीला ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, ऑक्सिजनचा वापर करतात तेव्हा थोडा ऑक्सिजन अर्धवट रूपात निसटतो. त्यापासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे अतिक्रियाशील रेणू बनतात. त्यांतील काहींना मुक्त मूलके म्हणतात. ते मेद, प्रथिने आणि डीएनए यांवर आघात करतात. अमेरिकन संशोधक डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचा संबंध या मूलकांशी जोडला आणि १९८५ मध्ये जर्मन जीवरसायनतज्ज्ञ हेल्मुट झीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ ही संज्ञा रूढ केली. आघात करणारे रेणू आणि त्यांना आवर घालणारी शरीराची यंत्रणा यांच्यातील तोल आघाताच्या बाजूने झुकणे, असा तिचा साधा अर्थ.

स्थूलतेत हा तोल का झुकतो? मेदपेशी हे शरीराचे कोठार आहे. कोठारात मर्यादेपलीकडे माल भरला की पेशी फुगतात, त्यांच्यापर्यंत रक्तपुरवठा पुरेसा पोहोचत नाही, आजारी पेशींभोवती मॅक्रोफेज या संरक्षक पेशी गोळा होतात आणि मंद, सतत धुमसणारा दाह सुरू होतो. जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, स्थूल उंदरांच्या मेदऊतीत सुपरऑक्साइड तयार करणारे एनएडीपीएच ऑक्सिडेझ हे विकर जास्त सक्रिय असते. त्यामुळे ॲडिपोनेक्टिन या हितकारक संप्रेरकाचे प्रमाण घटते. या उंदरांना ॲपोसायनिन हे द्रव्य दिल्यावर मूलके घटली, साखर आणि यकृतातील मेदही कमी झाला. हे ॲपोसायनिन आयुर्वेदाला परिचित असलेल्या कुटकीच्या मुळांतही सापडते. अशा प्रयोगांमुळेच औषधी वनस्पतींकडे संशोधकांचे लक्ष वळले आणि ते वळणे योग्यच होते.

माणसांतही संबंध दिसला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासातील २,८२८ व्यक्तींच्या लघवीत ऑक्सिडेटिव्ह हानीचा निदर्शक असलेले एक द्रव्य मोजले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार धूम्रपान आणि मधुमेह यांच्याबरोबर वाढता देहभार निर्देशांक, अर्थात बीएमआय, हादेखील या द्रव्याच्या वाढीशी निगडित होता.

मराठी वाचकासाठी हा विषय अधिक जवळचा ठरतो तो पुण्यातील एका संशोधनामुळे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दक्षिण आशियाई माणूस सडपातळ दिसूनही पोटाच्या आत मेद साठवून असू शकतो, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल. म्हणून अमेरिकेतील मधुमेह संघटना आशियाई वंशाच्या प्रौढांना २३ बीएमआयपासूनच मधुमेहाची तपासणी सुचवते. ब्रिटनमध्येही दक्षिण आशियाई लोकांसाठी जादा वजनाची सीमा २५ ऐवजी २३ आणि स्थूलतेची ३० ऐवजी २७.५ धरली जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोक्याची घंटा वाजली असे समजतात. परदेशी डॉक्टरच्या दवाखान्यात ‘तुमचे वजन ठीक आहे’ असे ऐकून आलेल्या, पण रक्तातील ट्रायग्लिसराइड आणि यकृताचे आकडे पाहून अस्वस्थ झालेल्या मराठी माणसाला बाटलीतल्या हळदीचा मोह पडतो तो या पार्श्वभूमीवर. त्याची चिंता खोटी नाही. उपाय मात्र तपासून घ्यावा असा आहे.

परीक्षानळी आणि रक्त

अँटिऑक्सिडंट या शब्दाची प्रतिष्ठा परीक्षानळीत कमावलेली आहे. मूलकांच्या द्रावणात अर्काचे थेंब टाकायचे आणि मूलके किती झपाट्याने नाहीशी होतात ते मोजायचे, ही चाचणी सोपी आणि स्वस्त. हळद, लवंग, आवळा, चहा, डाळिंबाची साल, सर्वच या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अशा गुणांची यादीच संकेतस्थळावर ठेवली होती. २०१२ मध्ये तिने ती काढून टाकली. परीक्षानळीतील आकड्यांचा शरीरातील परिणामांशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि कंपन्या जाहिरातींसाठी त्यांचा गैरवापर करतात, असे कारण खात्याने दिले.

संबंध का नसावा, याचे उत्तर प्रमाणात आहे. पेशीच्या आत ग्लुटाथायोन हा शरीराने स्वतः बनवलेला रक्षक रेणू मुबलक असतो. त्याच्या जोडीला सुपरऑक्साइड डिसम्युटेझ आणि कॅटलेझ ही विकरे विलक्षण वेगाने काम करतात. वनस्पतींतील पॉलिफेनॉल द्रव्ये आतड्यातून थोडीच शोषली जातात, यकृत त्यांचे लगेच रूपांतर करते आणि रक्तात जे उरते ते ग्लुटाथायोनच्या तुलनेत हजारांश किंवा त्याहूनही कमी. एवढ्याशा फौजेने मूलकांशी समोरासमोर लढणे शक्य नाही. वनस्पतिद्रव्यांचा जो काही उपयोग शरीरात दिसतो तो बहुधा वेगळ्याच वाटेने होतो: पेशी त्यांना सौम्य विषासारखे ओळखते, एनआरएफ-२ हे प्रथिन जागे होते आणि पेशी स्वतःच्या संरक्षक विकरांचे उत्पादन वाढवते. थोडक्यात, कडू औषधाचा गुण त्याच्या किंचित विषारीपणात असावा. जुन्या वैद्यांना यात नवल वाटले नसते. पण सौम्य विषाचा हिशेब मात्रेवर चालतो. ‘जितके जास्त तितके चांगले’ हा नियम त्याला लागू पडत नाही.

दुसरी अडचण अशी की, मूलके ही केवळ कचरा नव्हेत. इन्शुलिन पेशीवर बसते तेव्हा थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते संदेश पुढे नेण्यास मदत करते. व्यायामात स्नायूंमध्ये मूलके वाढतात आणि त्यांच्यामुळेच स्नायू बळकट होण्याचा आदेश सुटतो. जर्मनीतील मिखाएल रिस्टो यांच्या गटाने २००९ मध्ये तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. त्यांतील निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले. व्यायामाने इन्शुलिनची परिणामकारकता सुधारली ती गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये. घेणाऱ्यांमध्ये ती सुधारणा पुसली गेली. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, तरी सकाळी जिमला जाऊन दुपारी अँटिऑक्सिडंट गिळणाऱ्यांनी या प्रयोगाची दखल घ्यायला हवी. त्याहून गंभीर इशारा १९९४ मध्येच मिळाला होता. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक झाला. गाजरातले जे द्रव्य जेवणात निर्धोक, त्याचीच २० मिलिग्रॅमची रोजची गोळी या पुरुषांना घातक ठरली.

सर्व निकाल नकारात्मकच आहेत असे नाही. मधुमेह नसलेल्या, पण यकृतात मेद साठून दाह सुरू झालेल्या रुग्णांना रोज ८०० एकक ई जीवनसत्त्व दिल्यावर ४३ टक्क्यांच्या यकृतात सुधारणा दिसली. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ती १९ टक्के होती. ही २०१० मधील अमेरिकन चाचणी. मात्र तिच्यात आजार निश्चित होता, मात्रा निश्चित होती आणि रुग्णांवर दोन वर्षे वैद्यकीय देखरेख होती. बाटलीवर यातले काहीच नसते.

कोकमाच्या भावाची गोष्ट

वनस्पतींच्या अर्काचा प्रवास प्रयोगशाळेतून बाजारात कसा होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण गार्सिनियाचे. कोकणात आणि गोव्यात ज्याची आमसुले आणि आगळ होते तो कोकम आणि केरळात माशांच्या कालवणात पडणारी कुडंपुळी ही एकाच गार्सिनिया प्रजातीची दोन भावंडे. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. कुडंपुळीतील मुख्य आम्ल हेच, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकांतन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. तोपर्यंत ते साधे सिट्रिक किंवा टार्टारिक आम्ल असावे असा समज होता.

चारच वर्षांनी अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, पिठूळ-गोड अन्नापासून मेद बनवण्याच्या मार्गावरील एक कळीचे विकर हे आम्ल रोखून धरते. उंदरांत मेदनिर्मिती घटली. कल्पना आकर्षक होती: भात खाल्ला तरी त्याची चरबी होणार नाही. तिच्यातील त्रुटी जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात आधीपासूनच होती. सर्वसाधारण मिश्र आहार घेणाऱ्या माणसाच्या शरीरात कर्बोदकांपासून नव्याने मेद फारसा बनतच नाही. तेल-तुपातील मेद थेट कोठारात जातो आणि भात-पोळी आधी जळाल्यामुळे तो तिथेच राहतो. ज्या दरवाजातून फारशी ये-जा नाही त्याला कुलूप लावून घर सुरक्षित होत नाही.

१९९८ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात न्यूयॉर्कमधील चाचणीचा निकाल आला. १३५ स्थूल व्यक्ती, १२ आठवडे, सर्वांना एकच कमी उष्मांकांचा आहार. एका गटाला रोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, दुसऱ्याला दिखाऊ गोळी. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. म्हणजे अर्काने काहीच साधले नाही. एवढ्यावर ही कथा संपायला हवी होती. पण २०१२ च्या सुमारास अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय डॉक्टरने गार्सिनियाची भलामण केली आणि विक्रीला नवे भरते आले.

मधल्या काळात आणखी काही घडले होते. वजन घटवणाऱ्या एका नामांकित उत्पादनमालेतील काही मिश्रणांत गार्सिनिया होती. यकृताच्या गंभीर विकाराच्या २३ नोंदी आणि एक मृत्यू यांनंतर २००९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती न वापरण्याचा इशारा दिला. मिश्रणात अनेक घटक असल्याने दोष कोणाचा, हे तेव्हा ठरवता आले नाही. पुढे औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन संशोधन जाळ्याने गार्सिनियाशी निगडित २२ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ हा विशिष्ट जनुकप्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांमध्येही हाच जनुकप्रकार वारंवार आढळतो. सोलकढी पिणाऱ्यांनी यातून घाबरण्याचे कारण नाही. वाटीभर सोलकढीत जाणारे आगळ आणि महिनोन्‌महिने रोज दीड ग्रॅम शुद्ध आम्ल यांची तुलना होऊ शकत नाही.

याच दूरचित्रवाणी डॉक्टरने गौरवलेल्या ग्रीन कॉफीच्या अर्काची हकिकत भारतात घडली म्हणून सांगण्याजोगी. बेंगळुरू येथे केवळ १६ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासाच्या आधारे त्याची ख्याती झाली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या अभ्यासाची छाननी केली तेव्हा आकडे बदलल्याचे आरोप पुढे आले. अभ्यास पुरस्कृत करणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये ३५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले आणि शोधनिबंध मागे घेतला गेला. ग्रीन कॉफीच्या बाटल्या मात्र आजही मिळतात.

सुश्रुतापासून ‘जामा’पर्यंत

गुग्गुळाची गोष्ट अधिक सन्मानाची आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन वाचून बनारस हिंदू विद्यापीठातील जी. व्ही. सत्यवती यांनी रक्तातील मेदावर गुग्गुळाचा परिणाम तपासला. त्यांचा प्रबंध १९६६ चा. जुन्या ग्रंथातून गृहीतक घ्यावे आणि ते प्रयोगाने पारखावे, याचे हे उत्तम उदाहरण मानले जाते. त्यातूनच पुढे गुग्गुलिपिड हे औषध भारतात आले. २००३ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत मात्र १०३ प्रौढांपैकी ज्यांना आठ आठवडे ते दिले त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल चार ते पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आहार वेगळा, लोकसमूह वेगळा, अशी कारणे दिली गेली. ती अगदीच फोल नाहीत. तरीही मेदासाठी डोळे मिटून गुग्गुळ घ्यावा, असे म्हणण्याची सोय त्या निकालाने ठेवली नाही.

चरकसंहितेत अतिस्थूल माणसासाठी सांगितलेल्या उपायांत व्यायाम, जागरण आणि चिंतन यांचाही समावेश आहे, हे जाता जाता नमूद करण्यासारखे. त्यांतील शेवटच्या दोहोंचा तुटवडा दोन कालविभागांत काम करणाऱ्या परदेशस्थ व्यावसायिकाला सहसा नसतो.

ग्रीन टीबद्दल फार लिहायला नको. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात जपानबाहेरील चाचण्यांमध्ये ग्रीन टीच्या उत्पादनांनी घटलेले सरासरी वजन ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम निघाले. आणि युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितले की, पूरक आहारातून रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतील प्रमुख द्रव्य, घेणाऱ्यांच्या यकृतावर ताण पडल्याच्या खुणा दिसतात. कपात गाळून प्यायलेल्या चहाला त्याने हरकत घेतली नाही.

मिरीची किमया

राहिली हळद. तिच्याबद्दल आत्मीयता असल्यामुळेच तिचा हिशेब नीट मांडायला हवा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन सुमारे तीन टक्के असते. चार माणसांच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम हळद पडली तर त्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम कर्क्युमिन, तेही चौघांत वाटलेले. कॅप्सूलमधून रोज एक ग्रॅम कर्क्युमिन घेणे म्हणजे ३३ ग्रॅम हळद, जवळजवळ अकरा चहाचे चमचे, एकट्याने खाणे. अन्नातील रंगद्रव्य म्हणून कर्क्युमिनची दैनंदिन स्वीकार्य मात्रा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे तीन मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. ७० किलोच्या माणसाला ती २१० मिलिग्रॅम पडते.

एवढे घेऊनही साधे कर्क्युमिन रक्तात फारसे पोहोचत नाही, कारण आतडे आणि यकृत त्याला लगोलग बाहेरचा रस्ता दाखवतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे काळ्या मिरीतील तिखट द्रव्य दिले, तेव्हा रक्तातील उपलब्धता वीसपटीने वाढली. तेव्हापासून बहुतेक बाटल्यांवर मिरीचा उल्लेख अभिमानाने येतो. मिरी हे कसे साधते, ते मात्र लेबल सांगत नाही. परके द्रव्य निकामी करून बाहेर टाकणारी यकृताची यंत्रणाच पिपरीन मंदावते. त्या यंत्रणेवर केवळ कर्क्युमिन अवलंबून नसते. रोज घेतली जाणारी अनेक औषधेही तिच्यातूनच जातात. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये नोंदवलेल्या एका घटनेत वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या रुग्णाने हळदीचे उत्पादन सुरू केल्यावर रक्त गोठण्याचा निर्देशांक, आयएनआर, दहाच्या वर गेला. साधारणतः तो दोन ते तीनच्या दरम्यान राखतात. दहा म्हणजे आतल्या आत जीवघेणा रक्तस्राव होण्याची शक्यता.

यकृतावरील परिणाम हे अधिक अनपेक्षित होते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक उत्पादनांनंतर काविळीसह यकृतदाह झालेले डझनाहून अधिक रुग्ण समोर आले. अमेरिकन यकृत संशोधन जाळ्याने २०२२ मध्ये दहा रुग्णांचा तपशील दिला. त्यांपैकी सात जणांत पुन्हा तोच एचएलए-बी ३५:०१ जनुकप्रकार होता. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. जगभर कोट्यवधी लोक ही उत्पादने घेतात, त्या मानाने ही संख्या लहानच. पण ज्या फायद्यासाठी हा धोका पत्करायचा तो किती, हा प्रश्न उरतो. २०१७ मध्ये औषधरसायनतज्ज्ञांनी घेतलेल्या सविस्तर आढाव्यात कर्क्युमिनवरील शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्या पाहून असे मत दिले की, दुहेरी अंध आणि दिखाऊ गोळीशी तुलना करणाऱ्या एकाही चाचणीत त्याला निर्विवाद यश मिळालेले नाही. कर्क्युमिन परीक्षानळीतील अनेक चाचण्यांना फसवते. स्वतः रंग देते, धातू पकडते, प्रथिनांना चिकटते आणि त्यामुळे प्रत्येक रोगावर गुणकारी असल्याचा भास निर्माण करते, हे त्यांचे विश्लेषण तर मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

२००४ ते २०१३ या काळात त्याच अमेरिकन जाळ्याने नोंदवलेल्या औषधजन्य यकृतविकारांत वनौषधी आणि पूरक आहार यांचा वाटा ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला.

कायद्याची पोकळी

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहार विकण्याआधी तो सुरक्षित आणि गुणकारी असल्याचा पुरावा सरकारपुढे मांडावा लागत नाही. हानी दिसल्यावर ती सिद्ध करण्याची जबाबदारी प्रशासनावर येते. ब्रिटनमध्ये पारंपरिक वनौषधींसाठी टीएचआर नोंदणी आहे. तिच्यामुळे शुद्धता आणि सुरक्षितता यांची काही हमी मिळते. गुणकारित्व मात्र चाचणीवर नव्हे, तर किमान तीस वर्षांच्या वापराच्या परंपरेवर मानले जाते. हळदीच्या बहुसंख्य कॅप्सूल तर औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणूनच विकल्या जातात. भारतातून सुटकेसमधून येणारी चूर्णे या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारांतून गेलेले सिबुट्रामिन हे भूक मारणारे औषध ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणवणाऱ्या कॅप्सूलमध्ये लपवलेले अमेरिकन प्रशासनाला वारंवार सापडले आहे. एखाद्या चूर्णाने आठवड्यात भूक नाहीशी झाली तर आनंदाआधी संशय यायला हवा, तो यासाठी.

वनस्पतींपासून खरे औषध मिळतच नाही, असा याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. मधुमेहातील सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे गलेगा या युरोपीय रानटी झुडपातील द्रव्यावरून सुचले. मूळ द्रव्य विषारी होते. १९२२ मध्ये त्याच्याशी नाते सांगणारा सुरक्षित रेणू प्रयोगशाळेत बनला, १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी तो रुग्णांवर वापरला आणि अमेरिकेने त्याला मान्यता देण्यास १९९५ उजाडले. एवढ्या काळात ठरले ते रेणू, मात्रा आणि कोणाला देऊ नये याची यादी.

आणि स्थूलतेतील ऑक्सिडेटिव्ह ताण उतरतो तो कशाने? इटलीतील संशोधकांनी २००२ मध्ये स्थूल स्त्रियांत हानीचे तेच लघवीतील द्रव्य मोजले. बारा आठवड्यांच्या आहारनियंत्रणाने ज्यांचे वजन उतरले त्यांच्यात ते द्रव्यही उतरले. ज्यांचे उतरले नाही त्यांच्यात ते तसेच राहिले. कोणताही अर्क दिलेला नव्हता. कोठारातला माल कमी झाला की धुमसणे आपसूक मंदावते.

जे आधीच कॅप्सूल घेत आहेत त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. डॉक्टर ‘कोणती औषधे चालू आहेत’ असे विचारतात तेव्हा हळद, अश्वगंधा, त्रिफळा यांना औषध न समजल्यामुळे ती सांगायची राहून जातात. बाटलीच सोबत नेणे किंवा लेबलाचा फोटो दाखवणे उत्तम, कारण मिरीचा अर्क आहे की नाही आणि मात्रा किती, हे तिथेच कळते. रक्त पातळ करणारी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणाऱ्यांनी आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनीच हे आवर्जून करावे. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे, उजव्या कुशीत दुखणे किंवा कारण नसताना अन्नावरची वासना उडणे, यांपैकी काहीही झाल्यास कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. बहुतेक रुग्णांत अर्क बंद केल्यावर यकृत काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ववत होते. हळद, गार्सिनिया, ग्रीन टी यांपैकी प्रत्येकावर यकृताच्या दृष्टीने आजवर काय नोंदले गेले आहे, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या ‘लिव्हरटॉक्स’ या विनामूल्य संकेतस्थळावर वनस्पतीचे नाव टाकून कोणत्याही देशातून वाचता येते.